मोहोळाची परवानगी

बुलढाण्याच्या स्टँडाजवळ गजेंद्रनं गाडी उभी केली आणि मला न विचारता उसाच्या रसाचा पेला आणून हातात दिला. चौकशीला अकराची वेळ होती, आता कुठं दहा वाजले होते, पण मार्चचं ऊन पाठीवर बसायला लागलं होतं. "पी माय, घसा कोरडा पडला तर तठी बोलता येनार नाई," म्हणाला. मला बोलता येईल का याची त्याला काळजी नव्हती. मी काय बोलेन याची होती. मी पेला तोंडाशी नेला तर काठावर एक मधमाशी. साधीच, बारकी. रसाच्या गाड्यावर अशा शंभर घोंगावतात, रसवाला फडक्यानं त्यांना उडवतो, कॉलेजातल्या पोरी त्यातच हसतखेळत रस पितात, कोणाला काही होत नाही. माझ्या हातातून पेला सुटला. आणि मी, जी आली की भलेभले खुर्ची सोडून उभे राहतात ती मी, भर रस्त्यात डोक्यावरून पदर ओढून खाली बसले. गुडघे वाकत नाहीत म्हणून दोन वर्षं डॉक्टरकडे खेटे घालते, ते गुडघे त्या घडीला कसे वाकले देवाला ठाऊक. "आजी, काई करत नाई ते," रसवाला म्हणाला, "तिच्या वाटेनं आली, तिच्या वाटेनं जाईन." गजेंद्रनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "ऊठ माय, लोकं पाहून राह्यले."

लोकं पाहून राह्यले. माझ्या लेकाचं सगळं शहाणपण एवढ्यात येतं, आणि ते त्याला मीच पाजलेलं आहे, दुधातून. लहानपणी पडला, गुडघा फुटला, रडायला तोंड उघडलं की मी म्हणायची, गप, लोकं पाहून राह्यले. बाप गेला तेव्हा हा चाळीस वर्षांचा होता, तेव्हाही मी तेच म्हटलं. आता तो मला म्हणतो, तर राग कोणाचा धरू. गाडीत बसले. लुगड्याला रस चिकटला होता, पायाची बोटं चिकचिक करत होती. गजेंद्र म्हणाला, "एकडाव म्हणून दाखव, माय." मी म्हटलं, "मी काय दुसरीतली पोट्टी हावो का रे पाठ म्हणून दाखवाले?" "दुसरीतलीच हायेस," म्हणाला आणि स्वतःच हसला. खोटं नाही ते. दुसरीतून उठवून बापानं मला गाईमागं लावलं. सही येते, अन्नपूर्णाबाई एवढं लिहिता येतं, पुढचं आडनाव लिहिताना रेघ डुगडुगते. तरी अकरा वर्षं झाली, मी शिक्षण संस्थेची अध्यक्ष आहे. लोकांना हसू येत असेल, येऊ दे. पुस्तक वाचता आलं नाही तरी माणूस वाचता येतो असं मी मिरवत आले. गजेंद्रनं मला चार दिवस एकच वाक्य पढवलं होतं: मुख्याध्यापकांनी मोहोळाबद्दल संस्थेला काहीही कळवलं नव्हतं. एवढं बोलायचं, सही करायची, घरी यायचं. बोलले तर मुख्याध्यापक प्रसेनजित खरातची नोकरी जाणार, वरून निष्काळजीपणाचा खटला. नाही बोलले तर तेच सगळं माझ्या आणि गजेंद्रच्या गळ्यात. गजेंद्रनं हे मला दोन्ही हातांचे पंजे तराजूसारखे धरून समजावलं होतं. एका पंजात प्रसेनजित, एका पंजात आपण. सातवीतली पुष्पांजली त्या तराजूत कुठंच नव्हती. मी पाहिलं होतं, नव्हती.

मोहोळ दिवाळीनंतर बसलं. आमची शाळा धाड गावाच्या अलीकडे, आमच्या गावाच्या वेशीवर, दोन मजली, वरच्या छज्ज्याच्या पोटाशी आग्या मोहोळ. सुपाएवढं होतं, संक्रांतीपर्यंत बैलगाडीच्या चाकाएवढं काळंभोर लोंबायला लागलं. आमच्या सासरी बसलेलं मोहोळ उठवत नाहीत. लक्ष्मी पाय पसरून बसली म्हणतात. माझी सासू तर असली कर्मठ की दाराच्या चौकटीवर मोहोळ बसलं तेव्हा तिनं ते दार बंद केलं आणि तीन वर्षं घरचे सगळे मागच्या दारानं ये-जा करत राहिले. डोक्यावर पाण्याचे हंडे घेऊन मी नवी सून मागच्या चिखलातून यायची. त्या तीन वर्षांत आमची विहीर लागली, गजेंद्र झाला, शाळेला मान्यता मिळाली. मग मी कशी म्हणू की मोहोळ उठवा. आमच्या मालकांचं नाव मी घेत नाही, कमानीवर लिहिलेलं आहे, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. त्यांनी मातीतून उभी केलेली शाळा, त्यांच्या छज्ज्याला लक्ष्मी बसलेली, आणि मी तिला धूर देऊन हाकलू? असं मी मोठ्या आवाजात म्हणायची. आता एकटी असते तेव्हा त्यातला आवाज काढून टाकून पाहते, तर खाली फारसं काही उरत नाही.

प्रसेनजित जानेवारीत एका रविवारी बुलढाण्याला घरी आला. हातात अर्ज. मी बस म्हटलं, तर दाराजवळच्या खुर्चीवर टोकाला बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पदव्या, सहाशे लेकरांचा मुख्याध्यापक, आणि माझ्या घरात खुर्चीच्या टोकाला बसतो. ते मला बरं वाटायचं. लपवून काय करू. त्याचा बाप सहदेव आमच्या शाळेचा पहिला शिपाई, घंटा वाजवायचा, आणि आई बनाबाई आमच्या वावरात निंदायला यायची. बनाबाईच्या ओंजळीत मी वरून पाणी ओतलेलं आहे, तांब्या उंच धरून. ती वाकून प्यायची, मी दुसरीकडं बघायची. पुढं मालकांनी तिच्या पोराला शिकवलं, शिक्षक केलं, मुख्याध्यापक केलं, तेव्हा मी घरात दोन दिवस जेवले नाही. मग सवय झाली. तर असा तो बसला आणि गजेंद्रनं अर्ज वाचला. तीन गोष्टी होत्या. एक, मध काढणारा माणूस आणून मोहोळ रीतसर उतरवावं. दोन, ते जमत नसेल तर नऊ फेब्रुवारीचा संस्थापक स्मृतिदिन शाळेच्या अंगणात न घेता गावातल्या सभागृहात घ्यावा. तीन, काही झालं तरी फटाके आणि ढोल नसावेत. शाळेच्या भाषेत लिहिलेलं, सविनय सविनय करत. मी विचारलं, "सर, शाळा कोणाची हाये?" तो म्हणाला, "तुमचीच हाये, बाई." "मंग अंगन कोणाचं?" तो म्हणाला, "बाई, मोहोळाखालीच सातवीचा वर्ग बसते. मी पोरं मागच्या खोल्यांत हलवली. पन कार्यक्रमाले समदे अंगनात येतीन. निदान फटाके नका करू." मी म्हटलं, "वर्षातून एक दिवस असते त्यांचा. तो का मुक्यानं करू? ज्यानं तुमाले खुर्चीवर बसवलं त्याचा दिवस हाये तो, सर. मोहोळ बसलं तठीच राहीन, कार्यक्रम होते तठीच होईन." त्यानं फक्त "बरं बाई" म्हटलं. पायऱ्या उतरताना चप्पल शोधत होता तेव्हा मला वाटलं, अजून एकदा बोलेल. बोलला असता तर मी अजून एकदा झिडकारलं असतं, तेही खरं. गजेंद्रनं अर्ज चार घड्या करून खिशात घातला. नंतर त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. न विचारणं हे एक फार सोयीचं काम आहे, मी ते आयुष्यभर केलं.

आता विचार करते तर ती मोहोळाची गोष्ट नव्हतीच. दुसऱ्या कोणी, समजा आमच्या भाऊबंदांतल्या एखाद्या मास्तरनं येऊन सांगितलं असतं, काकू, पोरांना धोका आहे, तर मी सासूचा दाखला दिला असता का? थोडी कुरकूर केली असती आणि म्हटलं असतं, उतरवा बाबा, सव्वा रुपया ठेवून उतरवा. लक्ष्मीलाही रजा देता येते, त्याची रीत आहे, मला ठाऊक होती. पण सहदेवचा पोरगा मला सांगणार, आमच्या छज्ज्याला काय राहील आणि काय नाही. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी. लोक म्हणतात माणसाला आपली चूक दिसत नाही. चांगली दिसते. मला तर ती करतानाच दिसत होती, दारातून कोणी पाहुणा येताना दिसावा तशी, आणि मी तिला ये म्हटलं.

नऊ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला आमची गाडी कमानीत शिरली. दर वर्षी जसं होतं तसंच. दोन्ही बाजूंना लेझीमवाली पोरं, अंगणात सतरंज्या, व्यासपीठावर फोटोला हार, आणि सातवीतली एक पोरगी ओवाळायला ताट घेऊन पुढं. ती पोरगी दर वर्षी हुशारीवरून निवडतात. यंदा पुष्पांजली होती. निळा फ्रॉक, दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, हातातलं ताट हलू नये म्हणून जीभ दातांत धरलेली. गाडी थांबली, दयारामनं, आमच्या ड्रायव्हरनं, माझं दार उघडायला म्हणून स्वतःचं दार उघडलं, आणि गजेंद्रच्या मागं फिरणाऱ्या पोरांनी कमानीपाशी लड लावली. हजाराची लड. प्रसेनजित व्यासपीठावरून हात हलवत धावत येताना मी पाहिला, नको नको करत. मला वाटलं, किती हा आगाऊपणा. मग वरचं काळं चाक एकदम सैल झालं. आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, पीठगिरणी सुरू होते तसा आधी जमिनीतून, मग कानात, मग दातांत. ढग म्हणतात, पण ढग दूर असतो. दयारामनं दार लावून घेतलं. गजेंद्र कमानीपाशी होता, तो पळत शेजारच्या घरात शिरला, ते चांगलं झालं, आई आहे मी. लेकरं कुठं पळतात, कशी पळतात, डोक्याला हात लावून गोल गोल फिरतात, पडलेल्यावर पडतात. आणि प्रसेनजित ओरडत होता, पळू नका, आडवे व्हा, सतरंजीखाली शिरा. तो स्वतः सतरंज्या ओढून लेकरांवर टाकत होता, गोणपाटं टाकत होता, त्याचा शर्ट काळा दिसत होता, शर्ट पांढरा होता. मी बसले होते. आत थंड होतं, दयारामनं बुलढाण्यापासून एसी लावला होता.

पुष्पांजली गाडीपाशी आली. ताट पडलं होतं, हळद-कुंकू सगळीकडं. तिला वाटलं असेल, गाडी म्हणजे घर, घरात बाई आहे, बाई दार उघडेल. बारा वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार. तिनं दोन्ही हातांनी दार ठोकलं. माझा हात दाराच्या दांडीवर होता. दयाराम म्हणाला, "बाई, उघडू नका, समदं मोहोळ आत घुसंन." एवढंच पाहिजे होतं मला, कोणीतरी सांगणारं. मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, सासूचं ऐकलं नाही, मालकांचं ऐकलं नाही, मुख्याध्यापकाचं ऐकलं नाही, आणि त्या घडीला ड्रायव्हरचं ऐकलं. हात तिथंच ठेवला, दांडी ओढली नाही. मग प्रसेनजित आला, तिच्यावर सतरंजी टाकली, तिला तशीच गुंडाळून उचलली आणि वर्गाकडं धावला. धावताना त्यानं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. चाळीस-बेचाळीस लेकरांना माश्या डसल्या. पुष्पांजली दवाखान्यात पोचायच्या आत गेली. प्रसेनजितला आठ दिवस सलाईन होतं. त्या दिवसापासून दयाराम कामावर आला नाही, निरोपही पाठवला नाही. मला सगळ्यांनी विचारलं, बाई तुम्हाला तर काही झालं नाही ना, आणि मी प्रत्येकाला म्हटलं, देवाची कृपा.

कचेरीच्या लांब ओसरीत बाकं टाकलेली होती. गजेंद्र पुढं झाला, वकिलाशी कुजबुजू लागला. एका बाकावर झुंबरबाई बसली होती, पुष्पांजलीची आजी, हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. तिचा लेक गोविंदा शेजारी उभा. मी तिच्या घरी गेले नव्हते. तेराव्याला गजेंद्रला पाठवलं, साडीचोळी पाठवली, ती त्यांनी परत केली नाही, पण कोणी नेसलंही नसेल. पलीकडं भिंतीला टेकून प्रसेनजित. चेहरा उतरला होता, सूज गेली होती, एका डोळ्याची पापणी मात्र खालीच राहिलेली. मला पाहून त्यानं हात जोडले. तेच हात जोडणं, वीस वर्षांचं. मला वाटलं, हा माझ्याकडं आशेनं पाहील. तसं नव्हतं. तो जोडून झाल्यावर पुन्हा भिंतीकडं वळला, वर्गात उशिरा आलेल्या पाहुण्याला नमस्कार करून मास्तर फळ्याकडं वळतो तसा. त्या क्षणी मी ठरवलं. खरं सांगते, झुंबरबाईला पाहून नाही, पुष्पांजलीला आठवून नाही. तो माझ्याकडून काही मागत नाही, याचा मला राग आला. म्हटलं, थांब, तुला देऊनच दाखवते. तू जन्मभर आठवशील की अन्नपूर्णाबाईनं भर कचेरीत आपल्या लेकाच्या तोंडावर खरं सांगितलं आणि मला सोडवलं.

आत चौकशीच्या मॅडम होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या, सुती साडी, चष्मा. खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघ्यांचं विचारलं. शेजारी एक माणूस कम्प्युटरवर टाइप करायला बसलेला. गजेंद्र माझ्या डाव्या हाताला, प्रसेनजित समोरच्या कोपऱ्यात. मॅडम म्हणाल्या, "आजी, घाई नाही. मुख्याध्यापकांनी मोहोळाबद्दल संस्थेला आधी काही कळवलं होतं का, एवढंच सांगा." गजेंद्रनं खाकरून घसा साफ केला, माझ्या वतीनं. मी म्हटलं, "कळवलं व्हतं. घरी येऊन कळवलं. अर्ज आनला व्हता, या गजेंद्रनं वाचून दाखवला. तीन गोष्टी सांगतल्या त्यायनं आन् तिन्हीले म्या नाई म्हटलं. फटाके नको म्हणे, म्या म्हटलं, व्हतीन." टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. गजेंद्र म्हणाला, "माय, तुले आठवत नसंन. मॅडम, वय झालं तिचं." मी म्हटलं, "वय झालं म्हणूनच आठवते बे. तुलेच आठवत नाई, खिशात काय घातलं ते." इतकं बोलून मी खुर्चीला पाठ टेकली. कधी नव्हे ते हलकं वाटलं. दसऱ्याला गावभर सोनं वाटून घरी आल्यावर वाटतं तसं. मी प्रसेनजितकडं पाहिलं. आता याचे डोळे भरतील, असं मला वाटलं. मॅडमनी त्याला विचारलं, "सर, बरोबर आहे हे?"

तो उभा राहिला. "बरोबर आहे, मॅडम," म्हणाला. "बाई खरं सांगताहेत. पण याच्यापुढं माझं लिहून घ्या." मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बाजूनंच झालं हे, सर." तो म्हणाला, "माझ्या बाजूनं नको. मला जानेवारीतच ठाऊक होतं काय होऊ शकतं. ठाऊक होतं म्हणूनच मी वर्ग हलवला. मग बाकीचं मी विचारायला का गेलो? छपराचे पत्रे बदलायचे असते तर विचारणं ठीक होतं. लेकरांच्या जिवाची परवानगी मागायची नसते. हजेरीपटावर सही माझी असते. सकाळी साडेदहाला दाखल झालेलं लेकरू पाच वाजेपर्यंत माझं असतं, संस्थेचं नाही, बाईंचं नाही. मी त्या दिवशी शाळेला सुट्टी देऊ शकत होतो. फाटकाला कुलूप लावू शकत होतो. काय झालं असतं? नोकरी गेली असती. मी खुर्चीच्या टोकाला बसून विचारलं, बाईंनी नाही म्हटलं, आणि मला, खोटं नाही सांगत, बरं वाटलं. म्हटलं, आता माझ्यावर नाही. त्या बरं वाटण्याचं लिहा, मॅडम." तो सावकाश बोलत होता, पोरांना शुद्धलेखन घालतात तसा, टाइप करणाऱ्याला सवड देत. मग माझ्याकडं वळून, त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या बोलीत म्हणाला, "बाई, तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. माहं मले राहू द्या. वाटून कमी होत नाई ते."

मला राग आला. अजूनही येतो. एवढं मी आणलं, लेकाला पायाखाली घालून आणलं, आणि यानं ते ताट हातानं बाजूला सारलं, जेवलेल्या माणसानं सारावं तसं. त्याच्या आईला मी वरून पाणी ओतलं, त्याचा हा सूड आहे का असंही मनात आलं. पण सुडाला डोळ्यांत काहीतरी चमक लागते, त्याच्या त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यात काही नव्हतं, फक्त जागरण. मग समजलं की मी त्याला सोडवायला आलेच नव्हते. मी स्वतः सुटायला आले होते, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. अर्जाचं सांगितलं की झालं, असं मनाशी धरून आले होते, कारण अर्ज हेच सगळ्यांनी विचारलं. पोलिसांनी अर्ज विचारला, पेपरवाल्यांनी अर्ज विचारला, मॅडमनी अर्ज विचारला. गाडीचं कोणी विचारलं नाही. मॅडमनी माझा जबाब वाचून दाखवला, शुद्ध मराठीत माझं बोलणं दुसऱ्याच कोणा बाईचं वाटत होतं. "आणखी काही सांगायचं आहे का, आजी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाई." सही केली. आडनावाची रेघ डुगडुगली.

बाहेर आले तर गजेंद्र माझ्याशी न बोलता पायऱ्या उतरून गेला. गाडीपाशी उभा राहून फोनवर हातवारे करत होता. प्रसेनजित केव्हाच फाटकाच्या बाहेर पडला होता, बसच्या दिशेनं, थोडा लंगडत. गोविंदाला आत बोलावलं. मला उभं राहवेना, आणि रिकामी जागा एकाच बाकावर होती. मी झुंबरबाईशेजारी बसले. तिनं पिशवी ओढून मला जागा केली. आम्ही दोघी एकाच वयाच्या असू. तिच्या हातांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते, जुने, पांढरे पडलेले. बराच वेळ ती समोरच्या झाडाखाली उभ्या फटफट्या पाहत होती. आता ही शिव्या देईल, मी मनाशी म्हणत होते. द्याव्यात. शिव्यांना मला उत्तर देता येतं, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

"पाटलीनबाई," ती म्हणाली, "आतमंदी खरं सांगतलं म्हने तुमी. गोविंदाले शिपायानं सांगतलं."

"हाव."

"बरं केलं. खरात सर भला मानूस हाये. पोट्टीले त्यायनंच उचललं." पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "एक इचारू का? राग नका मानू."

"इचार ना."

"माही पोट्टी तुमच्या गाडीपाशी व्हती म्हनतेत. दार ठोकत व्हती म्हनतेत. गावात लय बोलतेत, म्या कोनाचं मनावर घेतलं नाई. म्या म्हटलं, बाईले दिसली नसंन. त्या गाडीच्या काचा काळ्या असतेत. म्या पाह्यलं एकडाव जवळ जाऊन, काईच दिसत नाई."

किती नीट बांधून आणलं होतं तिनं ते. पाच आठवडे घरात बसून, नातीचं दप्तर भिंतीला टांगलेलं पाहत, तिनं माझ्यासाठी ही वाट शोधली होती. माझ्यासाठी कशाची, स्वतःसाठी. मी दिसली नाही म्हटलं असतं तर ती घरी गेली असती, जेवली असती, निजली असती. मी हो म्हणायला तोंड उघडलं. मालकांची शपथ, उघडलं होतं.

"बाहेरून दिसत नाई," मी म्हणाले. "आतून समदं दिसते."

बोटाला गुंडाळलेला बंद तिनं सोडला नाही. बोटाचं टोक पांढरं होत गेलं. कोणीतरी ओसरीतून फायली घेऊन गेलं, आम्हाला ओलांडून. दोन म्हाताऱ्या बाक अडवून बसल्यात, असं त्याला वाटलं असेल.

"दार?" तिनं विचारलं.

"उघडलं नाई म्या. हात दांडीवर व्हता. उघडलं नाई."

तिनं मान हलवली. दूरच्या गावाचं कोणी काही सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं, तशी. आता उठेल, मी मनात म्हणत होते, उठ बाई, ऊठ आणि जा, थुंक माझ्यावर आणि जा. ती बसून राहिली. खाली गजेंद्रनं हॉर्न वाजवला, एकदा, मग परत. मग तिनं अगदी हळू, शेजारणीला घरातली गोष्ट विचारावी तशा आवाजात विचारलं,

"लय वेळ ठोकलं का तिनं?"

"हाव," मी म्हटलं. "लय वेळ."